शोषखड्ड्याची परीक्षा जुलैत घ्या

डोंगरातल्या गावात घर बांधायचं ठरलं की कागदांची एक ठरलेली चळत तयार होते. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, बिगरशेतीचा आदेश, घराचा आराखडा. आराखड्याच्या एका कोपऱ्यात, बहुतेक वेळा मागच्या कुंपणाला लागून, एक आयत आणि त्याच्या शेजारी एक वर्तुळ काढलेलं असतं. आयत म्हणजे सेप्टिक टँक, वर्तुळ म्हणजे शोषखड्डा. हाच आयत आणि हेच वर्तुळ बारामतीच्या प्लॉटवर असतं, मुळशीत असतं, आंबोलीत असतं आणि दापोलीच्या सड्यावरही असतं. मापंसुद्धा बऱ्याचदा तीच, कारण इंजिनियरच्या संगणकात ती एकदाच काढून ठेवलेली असतात. खाली जमीन कुठली आहे याचा त्या कागदावर पत्ता नसतो आणि परवानगी देणाराही विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की सह्याद्रीच्या डोंगराळ तालुक्यांत बांधकामाची परवानगी जमीन तपासल्याशिवाय देऊ नये. तपासायची म्हणजे खड्डा खणायचा, माती बघायची, पाणी किती वेळात मुरतं ते मोजायचं आणि पावसाळ्यात भूजल तिथे किती वर चढतं याचा अंदाज घ्यायचा. जिथे मुरतच नाही, किंवा नको तितकं झपाट्याने मुरतं, तिथे दुसरी व्यवस्था सांगायची. ती परवडत नसेल तर त्या जागी तीस खोल्यांचं रिसॉर्ट होऊ द्यायचं नाही. आणखी एक दाखला, आणखी चार खेटे, असं कुणालाही वाटेल. खेड्यातला माणूस दाखल्यांना किती विटलाय हे ठाऊक असूनही मी हे म्हणतोय.

मुळात सेप्टिक टँक पाणी स्वच्छ करत नाही. ती गाळ धरून ठेवते. जड ते तळाशी बसतं, तेलकट ते वर साय धरतं आणि मधलं गढूळ पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं. त्यात जुलाबाचे, टायफॉईडचे, काविळीचे जंतू असू शकतात, अमोनिया तर असतोच. त्याची खरी सफाई होते ती खड्ड्याबाहेरच्या मातीत. कणाकणांतून पाणी हळूहळू झिरपतं, कणांवर राहणारे जीवाणू त्यातली घाण खातात, रोगजंतू अडकतात आणि मरतात. त्यासाठी पाणी सावकाश जायला हवं आणि मातीच्या पोकळ्यांत हवा असायला हवी. पाणी सुसाट गेलं तर ते गाळलंच जात नाही. माती आधीच पाण्याने तुडुंब असेल तर हवा उरत नाही आणि घाण तशीच पुढे सरकते. थोडक्यात, या यंत्रणेचा अर्धा भाग आपण सिमेंटमध्ये बांधतो आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे ती जमीन. पहिल्या अर्ध्याचं माप आपण सेंटिमीटरमध्ये लिहितो, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

हे ज्ञान नवं नाही. आयएस २४७० हे भारतीय मानक १९८५ पासून सध्याच्या रूपात आहे. त्याचा पहिला भाग टाकीचा आणि दुसरा भाग टाकीतून निघणाऱ्या पाण्याचं काय करायचं याचा. पहिला भाग सगळ्यांच्या उपयोगाचा असतो. दुसरा फारसा कुणी उघडत असेल असं दिसत नाही. त्यात एक अगदी साधी चाचणी दिली आहे. खड्डा जितका खोल करायचा आहे तितक्या खोलीपर्यंत दहा ते तीस सेंटिमीटर रुंदीचं भोक खणायचं. त्याच्या बाजू सुरीने खरवडायच्या, कारण पहारीने घासून गुळगुळीत झालेली माती पाणी पीत नाही. तळाशी दोन बोटं खडी टाकायची. मग त्यावर फूटभर पाणी भरायचं आणि शक्यतो रात्रभर ते तितकंच भरतं ठेवायचं, म्हणजे मातीला जेवढं फुगायचं तेवढं ती फुगून घेते. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून बघायचं, पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात.

अर्ध्या तासाच्या आत गेलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खोल खड्डा नको, उथळ आणि लांब चर काढा. तासाच्या वर गेलं तर जमिनीच्या भरवशावर राहू नका, टाकीपुढे वेगळी गाळणी बांधा. पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब राहा. शिवाय एक इशारा आहे: भेगाळ खडकात ही पद्धत सुचवू नये, कारण भेगांमधून दूषित पाणी लांबवर पोहोचू शकतं. पहार, बादली, पट्टी, घड्याळ आणि गवंड्याचा एक-दीड दिवस, एवढाच खर्च. भेगाळ खडकाचा इशारा मात्र सह्याद्रीत बसून वाचला की हसावं की रडावं कळत नाही. इथे दुसरं आहे काय?

विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा. त्याला जमिनीचे थर नावानिशी पाठ असतात. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, मग काळा पाषाण आणि मध्येच कुठेतरी गेरूचा लाल पट्टा. मुरूम आणि मांजऱ्या पाणी घेतात. पाषाण भेग असेल तिथेच घेतो. गेरू अडवतो. उतारावर मुरलेलं पाणी खाली जाता जाता पाषाणाला किंवा गेरूला टेकतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. त्या जागी झरा असतो, झऱ्यावर टाकं बांधलेलं असतं आणि टाक्यापासून खालच्या वाडीपर्यंत नळ गेलेला असतो. वरच्या सपाटीवर कुणीतरी शोषखड्डा खणतो तेव्हा तो खालच्या वाडीच्या नळयोजनेच्या वरच्या टोकाला खणत असतो. दोघांच्या गट नंबरांत दहा गट नंबरांचं अंतर असेल, दोन वेगळ्या ग्रामपंचायतीसुद्धा असतील, पाण्याला त्याचं काही नाही.

जांभ्याची गोष्ट आणखी वेगळी. महाबळेश्वर-पाचगणीचे माथे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे जांभ्याचे. चिरेखाणीत नुकताच कापलेला चिरा उचलून उजेडासमोर धरला तर त्यात वेड्यावाकड्या नळ्या आणि पोकळ्या दिसतात, काहींतून बोट जातं. असल्या दगडात पाणी झिरपत नाही, धावतं. तळाशी चिकट मातीचा थर लागला की तिथे अडतं आणि सड्याच्या काठाखाली झऱ्यांची रांग फुटते. अशा जागी मघाची चाचणी झकास पास होईल. पंचवीस मिलिमीटर पाणी दोन मिनिटांत गायब! गवंडी खूश, मालक खूश, ‘आपल्याकडे खड्डा कधी भरतच नाही’ असं अभिमानाने सांगणारे लोक कोकणात पैशाला पासरी मिळतात. तो भरत नाही हीच तर तक्रार आहे. म्हणून नुसती मिनिटं मोजून भागत नाही, खड्ड्यात उतरून काय आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं. फार सावकाश हा जसा दोष, तसा फार झटपट हाही दोष, हे नियमात लिहिलेलं असायला हवं.

आता या जमिनीवर जेसीबी आणा. डोंगरउतारावर प्लॉटिंग म्हणजे आधी पायऱ्या कापणं. वरचा भाग कापायचा, निघालेली माती खालच्या बाजूला ढकलायची, सपाट तुकडा तयार. कापलेल्या बाजूला जी दोन-तीन फूट खरी माती होती, जिच्यात पाणी गाळलं गेलं असतं, ती गेलेली असते. उरतो तो मुरूम किंवा उघडा खडक. भरावाच्या बाजूला सैल ढिगारा, ज्याच्यात पाणी मुरतं आणि पुढच्या पावसात भरावाच्या पायथ्याशी ओलसर, वासाची चिकचिक होऊन बाहेर येतं. १८ मीटरचा नियमसुद्धा इथे लंगडा पडतो. सपाट प्रदेशात १८ मीटर म्हणजे सगळ्या दिशांना १८ मीटर. उतारावर विहिरीच्या वरच्या अंगाला ४० मीटरवरचा खड्डा खालच्या अंगाच्या १० मीटरवरच्या खड्ड्यापेक्षा वाईट असू शकतो. आपल्याकडे १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकाम नको असा नियम आहे आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही होतात. म्हणजे जमीन किती कलती आहे हे आपण मोजतो, ती कशाची आहे हे मोजत नाही.

याहून मोठी गडबड हंगामाची आहे. बांधकामं पाऊस संपल्यावर सुरू होतात, शोषखड्डे फेब्रुवारी ते मेमध्ये खणले जातात. तेव्हा डोंगर कोरडाठाक असतो, कुठल्याही खड्ड्यात पाणी ओता, तो पितो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत मुरूम तृप्त झालेला असतो, शेताच्या बांधातून, रस्त्याच्या कापातून, घराच्या जोत्यातून पाणी फुटत असतं. त्या दिवसांत शोषखड्ड्याचं झाकण उचलून बघा. आत पाणी कडेपर्यंत असतं आणि ते घरातून आलेलं नसतं, जमिनीतून आलेलं असतं. खड्डा उलटा चालतो. टाकीतलं पाणी त्याच्यात जात नाही, संडासाच्या भांड्यात गुडगुड होते, मग कुणीतरी रात्री टाकीच्या बाजूला भोक पाडून पाइप ओढ्यात सोडतो. पावसात कुणाला कळतंय? भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींत मे आणि ऑक्टोबरला मोठं महत्त्व आहे. दुष्काळाच्या हिशेबासाठी ते बरोबरच आहे. शोषखड्ड्याच्या हिशेबाला मात्र जुलै लागतो आणि जुलैत डोंगरात कुठलाच साहेब फिरकत नाही.

थोडा आकडेमोडीचा भाग. शौचालयाच्या शोषखड्ड्यांसाठी आपल्याकडे जे ठोकताळे वापरतात त्यानुसार वाळूची जमीन दर चौरस मीटरला दिवसाला ५० लिटर पाणी घेते, पोयट्याची ३० आणि चिकणमाती फक्त १०. जल जीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर. पाच माणसांच्या घराचे झाले २७५, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर २२० लिटर. वाळूत त्याला साडेचार चौरस मीटर भिंत पुरेल, चिकणमातीत बावीस लागेल. एक मीटर व्यासाचा, दोन मीटर खोल खड्डा घ्या: त्याच्या बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे नकाशावरचं तेच वर्तुळ एका गावात पुरून उरतं आणि दुसऱ्या गावात तिसऱ्या हिश्श्यालाही पुरत नाही. आणि हे झालं माणशी ५५ लिटरच्या घराचं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे शॉवरखाली उभे राहतात, टॉवेल-चादरी रोज धुतल्या जातात, जलतरण तलाव असतो. तिथे माणशी दीडशे लिटर धरले तरी कमीच.

घरोघरी नळ आला ही चांगलीच गोष्ट झाली. डोक्यावरचा हंडा उतरला याला कुणी नावं ठेवणार नाही. पण बादलीभर पाण्यावर चालणारे खड्डे आता नळाच्या धारेवर चालायला लागले, हा त्याचा दुसरा भाग आहे. स्वच्छ भारत अभियानात २०१४ नंतर १२ हजार रुपयांच्या अनुदानावर जी शौचालयं झाली त्यांच्यासाठी दोन खड्ड्यांचा नमुना सांगितला होता: एक भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा, पहिल्यातलं वाळून खत होऊ द्यायचं. डोंगरात अनेक ठिकाणी कातळ लागला म्हणून एकच खड्डा झाला, किंवा खड्ड्याऐवजी टाकी झाली आणि तिच्यापुढे काहीच झालं नाही. अनुदान मिळवण्यासाठी शौचालयाचा फोटो लागत होता. जमिनीखालचा फोटो कुणी मागितला नाही. भेगाळ खडकात खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा थर भरावा, अशी सूचना मार्गदर्शिकांत आहे. ती पाळलेला खड्डा शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. अर्थात वाळूचे आजचे भाव पाहता दोष एकट्या घरमालकाला देता येत नाही.

दूषित पाण्याकडे बघण्याची आपली पद्धत ठरून गेली आहे. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. चांगली पद्धत आहे, बऱ्याच राज्यांत नाही. लाल कार्ड मिळालं की गळती बुजवा, विहिरीला कठडा बांधा, भोवतीची घाण हटवा आणि टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लिचिंग पावडर टाका, अशी धावपळ होते. जलसुरक्षक बिचारा टीसीएलची बादली घेऊन धावतो. झऱ्याच्या दोनशे फूट वर नवीन होमस्टेचा शोषखड्डा झाला आहे ही गोष्ट त्या पाहणीच्या चौकटीत सहसा येत नाही, कारण तो स्रोताच्या ‘परिसरात’ नसतो. आपण विहिरीपाशी उभे राहून विहिरीची तपासणी करतो. डोंगरात विहिरीची तपासणी विहिरीच्या वर करायची असते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं. त्या साथीचं खापर मी शोषखड्ड्यांवर फोडणार नाही, एवढ्या पुराव्यावर तसं म्हणता येत नाही. पण ते चित्र ओळखीचं आहे. डोंगराच्या पायथ्याची गावं, दहा-वीस वर्षांत झपाट्याने वाढलेली वस्ती, महापालिकेत अलीकडे प्रवेश, सार्वजनिक विहीर जुनीच आणि घरांखाली काय आहे याची नोंद कुणाकडेच नाही. आज भोर, वेल्हे (आताचं राजगड), मुळशी, जावळी हे तालुके त्याच वाटेवर दहा पावलं मागे आहेत.

अमेरिकेत पाचातल्या एकाहून अधिक घरांचं सांडपाणी अजूनही सेप्टिक टँकमध्येच जातं. नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडे ॲपलाचियन डोंगर आहेत, तिथे सेप्टिकचा परवाना हाती आल्याशिवाय घराच्या बांधकामाचा परवाना मिळत नाही. काऊंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचा माणूस प्लॉटवर येतो, हाताच्या गिरमिटाने जमिनीत भोकं पाडतो, निघालेली माती ओली करून चिमटीत चोळतो, तिची फीत किती लांब निघते ते बघतो आणि रंग बघतो. ज्या खोलीवर मातीत राखाडी ठिपके दिसतात तिथपर्यंत वर्षातले काही महिने पाणी चढतं, हे तो भर उन्हाळ्यातही सांगू शकतो, कारण सतत भिजलेल्या मातीतलं लोह रंग सोडतं. त्या राज्याने नुसत्या मुरण्याच्या चाचणीवर विसंबणं कधीच सोडलं आणि माती वाचण्यावर भर दिला. आपल्या लाल मातीत हे ठिपके वाचायला नजर वेगळी तयार करावी लागेल, पण कृषी विद्यापीठांत मृदाशास्त्र शिकलेली शेकडो मुलं दरवर्षी बाहेर पडतात आणि बँकेच्या परीक्षा देतात. नजर तयार होऊ शकते.

त्या परवान्यात मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. नव्या प्लॉटवर पहिली जागा बिघडली तर वापरायला तेवढीच दुसरी जागा राखून ठेवावी लागते. शोषण्याची जमीन कधीतरी तुंबणारच, हे आधीच मान्य केलेलं असतं. आणि घर किती मोठं हे शयनगृहांच्या संख्येवर धरतात: माती तीन खोल्यांचं पाणी घेते म्हणाली तर पाच खोल्यांचं घर नाही. साहजिकच जमीन विकत घेणारा सौद्यातच अट घालतो की सेप्टिकचा परवाना मिळाला तर व्यवहार. न मुरणारा प्लॉट स्वस्त होतो. आपल्याकडे मुळशीतल्या गुंठ्याचा भाव धरणाच्या देखाव्यावर ठरतो. माती वाईट असल्याची किंमत विकणारा मोजत नाही, घेणाराही मोजत नाही, खालच्या वाडीतली बाई पाणी उकळून मोजते.

म्हणून अमेरिकेचा कित्ता जसाच्या तसा गिरवा, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याच देशात अलाबामा राज्यातली लाउंडेस काऊंटी आहे. तिथली माती काळी, चिकण, पावसात फुगणारी, आपल्या काळ्या रानाच्या जातीची. साधी टाकी तिथे चालत नाही, चालणारी व्यवस्था लोकांच्या वर्षाच्या कमाईला भारी पडते. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं पाइप उघड्यावर सोडून राहत होती आणि सरकार त्यांना मदत करायचं सोडून दंडाच्या आणि अटकेच्या धमक्या देत होतं. २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने हस्तक्षेप करून समझोता घडवला, २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर तो समझोताच गुंडाळला गेला. नियम कडक, माती वाईट, खिसा रिकामा, या तिन्हीची गाठ पडली की गुन्हेगार ठरतो तो गरीबच. आपल्याकडे तर चौथी गोष्टही आहे, चिरीमिरी. मातीचा दाखला द्यायचा अधिकार कुणाच्या हाती गेला की त्या दाखल्याचा दर सहा महिन्यांत ठरेल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही.

त्याला माझं उत्तर असं. स्वतःच्या राहत्या घराला परवानगी अडवू नका. ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराकडे खेटे घालायला लागू नयेत असं २०२१ मध्ये ठरलं, ते बरंच झालं. त्या घरमालकाची चाचणी ग्रामपंचायतीने फुकट करावी आणि निकाल वाईट आला तर नकार द्यायचा नाही, नमुना बदलून द्यायचा आणि फरकाचे पैसे पंधराव्या वित्त आयोगानंतर जो काही बांधील निधी स्वच्छतेसाठी येत राहील त्यातून द्यायचे. उथळ चर, जमिनीच्या वर वाळूचा ढीग रचून त्यातून पाणी सोडणं, कर्दळ-केळीचा पाणथळ वाफा, दोन-चार घरांना मिळून एक गाळणी, असे पर्याय आहेत आणि गावातला गवंडी ते बांधू शकतो. सक्ती हवी ती व्यावसायिक बांधकामांना आणि प्लॉटिंगला. तीही प्लॉट विकल्यावर नव्हे, रेखांकन मंजूर होण्याआधी. एकदा गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पडून चाळीस मालक झाले की १८ मीटर कुठून काढणार? पर्यावरण मंजुरीची पायरी २० हजार चौरस मीटर बांधकामापासून सुरू होते आणि डोंगरातली निम्मी हानी त्या पायरीच्या खाली, आठ-दहा खोल्यांच्या रिसॉर्टांत आणि ‘फार्महाऊस सोसायट्यां’त होते.

चिरीमिरीवर संपूर्ण उतारा कुणाकडेच नाही. पण ही चाचणी एका बाबतीत वेगळी आहे, ती पुन्हा करता येते. उत्पन्नाचा दाखला खरा की खोटा हे शेजाऱ्याला तपासता येत नाही. खड्डा मात्र जागेवरच असतो. तो पंधरा दिवस उघडा ठेवा, मिनिटं आणि थरांची खोली ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, फोटो लावा. ज्याच्या झऱ्याला धोका आहे तो बादली घेऊन येईल आणि स्वतः मोजेल. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं आहे. त्या हे काम एखाद्या अभियंत्याच्या सहीपेक्षा जास्त काळजीने करतील, कारण पाणी त्यांनाच भरायचं आहे.

गाळाचं काय, हा प्रश्न राहतोच. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आपण ती तुंबल्यावर उपसतो. पाचगणीचा घाट उतरलं की वाई लागते. वाई नगरपालिकेने २०१८ पासून ठरल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली, गाळावर प्रक्रिया करायचा प्रकल्पही उभारला. लोकांनी फोन करायची वाट न बघता गाडी दारात येते. असं करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही शहरांत वाईचं नाव आहे आणि जवळच्या डोंगरातल्या गावांना ही व्यवस्था अजून आपली वाटत नाही, कारण ती नगरपालिकेच्या हद्दीत नाहीत. डोंगरातल्या हॉटेलची टाकी उपसणारी खासगी गाडी घाटात कुठल्या वळणावर रिकामी होते हे स्थानिकांना माहीत असतं. वळणाखाली ओढा असतो. तालुक्याच्या गावाचा प्रकल्प भोवतालच्या पन्नास गावांना खुला करायला कायदा बदलावा लागत नाही, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्यात करार लागतो आणि घाटात गाडी चढण्याचा डिझेलचा खर्च कुणी द्यायचा हे ठरवावं लागतं. तो रिसॉर्टांच्या घरपट्टीत जोडा. टाकी उपसल्याची पावती नसेल तर पुढच्या वर्षी परवाना नूतनीकरण नाही, एवढं एक कलम पुरेसं आहे. आणि हो, माणूस टाकीत उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्यासाठी आहे, तरी दरवर्षी माणसं टाक्यांत गुदमरून मरतात.

सुरुवात करायची तर महाबळेश्वर-पाचगणीपासून करावी. २००१ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, त्यामुळे नियम घालायचा अधिकार नव्याने मिळवावा लागत नाही. वेण्णा तलावाचं पाणी ही दोन्ही गावं पितात आणि कृष्णा-कोयना तिथूनच निघून खाली कराडपर्यंत जातात. पहिल्या वर्षी खासगी मालकांच्या वाटेला जायचंही कारण नाही. शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायत कार्यालयं, एसटी स्थानकं, सरकारी विश्रामगृहं यांचे शोषखड्डे जुलैच्या मधल्या आठवड्यात उघडायचे, आतल्या पाण्याची पातळी मोजायची, शेजारच्या विहिरीची पातळी मोजायची आणि दोन्ही आकडे एका वहीत लिहायचे. कुठल्या सड्यावर, कुठल्या उतारावर, कुठल्या मुरमात काय चालतं आणि काय चालत नाही याचा पहिला नकाशा त्यातून तयार होईल. रिसॉर्टवाल्याला नियम दाखवायच्या आधी सरकारी विश्रामगृहाचा खड्डा कोरडा असला पाहिजे, एवढं तर खरंच.